‘पानिपत’ कपाटातून बाहेर काढा

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव वर घातलेलं नाही, ते मुद्दाम. इंदूरची मराठी माणसं आहोत आपण. कोण कोणाला काय म्हणतंय ते कळायला नावाची गरज पडत नाही. शिवाय हे पत्र नुसतं आपल्यासाठी नाही. शनिवारच्या कुमार वाचनवर्गात मुलं पाठवणाऱ्या पालकांसाठी आहे, आणि ज्यांनी कधीतरी ही कादंबरी रात्र जागून संपवली असेल त्या सगळ्यांसाठी.

वाचनालयाच्या फळ्यावर ‘सुधारित वाचन-यादी’ लागली आणि विश्वास पाटील यांची, मराठे आणि अफगाण बादशहा अब्दाली यांच्या 1761 च्या लढाईवरची ‘पानिपत’ ही कादंबरी वर्गातून वगळल्याचं मला त्या फळ्यावरून कळलं. वर्ग मी घेते. मानधन घेत नाही, मागितलेलंही नाही. पण एक फोन करायला हरकत नव्हती. वाचनालयातल्या दोन प्रतींपैकी एक आतल्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. दुसरी माझ्या नावावर आहे म्हणून सुटली. यादीत कादंबरीच्या जागी ‘निवडक वीररसपूर्ण उतारे’ आहेत. त्यांच्या झेरॉक्सही काढून झाल्या आहेत. अठरा पानं, पिन मारलेली. दत्ताजी शिंद्यांचा बुराडी घाट आहे, पेशव्यांचे पुत्र विश्वासराव हत्तीवरून घोड्यावर येतात ते आहे, शेवटच्या दिवशीचा रणकंदनाचा भाग आहे. हे उतारे पाठ करून मुलांनी वक्तृत्व स्पर्धेत म्हणायचे, अशी सूचनाही खाली आहे.

कारणं लेखी कुठेच नाहीत. विचारल्यावर प्रत्येकाने वेगळं सांगितलं, म्हणून ऐकली तशी एकेक घेते.

पहिलं, पुस्तक फार जाड आहे आणि हल्लीची मुलं वाचत नाहीत. याला फार वेळ देण्याची गरज नाही. मुलं आमच्याकडे घरची मराठी आणि शाळेची हिंदी-इंग्रजी घेऊन येतात. ‘कही’ म्हणजे काय, ‘बुणगे’ कोण, ‘छबिना’ कशाला म्हणतात, सगळं अडतं. म्हणून आम्ही मोठ्यांदा वाचतो, एकेकजण पान-दोन पानं. कंटाळा आला तर पुढे उडी मारायची परवानगी आहे, पण उडी मारली तिथे काय राहिलं ते पुढच्या शनिवारी एकाने सांगायचं. वर्षभरात पुस्तक संपतं. ज्यांचं संपत नाही त्या मुलांनाही कुंजपुऱ्याच्या लढाईपासून पुढचं सगळं माहीत असतं, कारण तिथून पुढे कोणी उडी मारायला तयार होत नाही.

दुसरं कारण उपाध्यक्षांनी चहा पिता पिता सांगितलं : “पराभवाची गोष्ट कशाला? मुलांमध्ये जोश यायला हवा.” इथे मात्र मला थांबायचं आहे, कारण हा सगळा निर्णय याच एका वाक्यावर उभा आहे असं मला वाटतं.

जोश त्या अठरा पानांत भरपूर आहे. नाही ती रसद. 1760 च्या ऑक्टोबरात मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांनी कुंजपुरा जिंकलं, धान्य हाती लागलं, आणि ते उत्तरेकडे असतानाच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. दिल्लीचा रस्ता तुटला. मग पानिपतला खंदक खणून अडीच महिने बसणं आलं. दुआबातून, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून, अब्दालीची रसद तोडण्याची कामगिरी ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. भाऊंचे सरदार बळवंतराव मेहेंदळे त्याच महिन्यात पडले. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते : बायका, मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सरदारांनी भाऊंना सांगितलं, आणि 14 जानेवारी 1761 च्या सकाळी तोंडाला हळद फासून माणसं बाहेर पडली. हळद उताऱ्यांत आहे. ती का फासावी लागली ते नाही.

वर्गात आम्ही हा भाग कसा शिकलो ते सांगते. एका मुलाचे वडील इंदूरच्या छावणी भागातल्या धान्यमंडीत गल्ल्यावर बसतात. त्याला म्हटलं, घरी विचारून ये : एक लाख माणसं जेवायची तर रोज किती धान्य लागेल? आकड्यांवर इतिहासकारांचं एकमत नाही, म्हणून हिशेबाला सोपा असा लाख धरला. पुढच्या शनिवारी तो वहीच्या मागच्या पानावर मांडून घेऊन आला. माणशी अर्धा किलो. पन्नास हजार किलो. पाचशे क्विंटल. दहा टनी ट्रक धरला तर रोज पाच ट्रक, आणि वडिलांचा शेरा : “रस्ता चालू असेल तर.” घोड्या-बैलांचा दाणा-वैरण त्यात नाही. मग दुसऱ्या मुलीने विचारलं, ट्रक नव्हते तर? एका बैलाच्या पाठीवर क्विंटलभर धरलं तर रोज पाचशे बैल यायला हवेत, आणि त्यांच्या वाटेवर शत्रूचे स्वार. सगळे गप्प झाले. एवढी शांतता मला त्या वर्गात दत्ताजीच्या मरणालाही मिळालेली नाही.

त्याच वर्गाला मागच्या बाकावर एक गृहस्थ बसतात. महूहून मुलीला सोडायला येतात, परत जाऊन पुन्हा येण्यापेक्षा इथेच बसलेलं बरं म्हणून. फौजेत पुरवठ्याच्या कामात नोकरी झालेली. महिनोन्‌महिने एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, नदीचे उतार कोण राखत होतं?” कादंबरी उघडून आम्ही पुढचा तासभर तेच शोधत बसलो. महू इथून तासाभरावर. आपल्या गावच्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी वर्दीतलं आहे. त्या घरांतल्या मुलांना युद्ध म्हणजे फक्त आरोळी असं शिकवायला मला लाज वाटेल. ते तसं नसतं हे त्यांना आधीच ठाऊक असतं, आणि ती आपल्याला हसतील.

जोशाबद्दल आणखी एक. रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची जर्मन कादंबरी 1929 साली पुस्तकरूपाने आली. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या इंग्रजी नावाने आपल्याकडे ती जुन्या वाचकांना माहीत आहे. तिच्यात कान्टोरेक नावाचा एक मास्तर आहे. वर्गात भाषणं देऊन देऊन तो अख्ख्या वर्गाला भरतीच्या कचेरीत नेतो. पोरं खंदकात मरतात आणि मास्तर गावातच राहतो. मला तो माणूस दुष्ट वाटला नाही कधी. तो फक्त उतारे शिकवत होता. आपल्या झेरॉक्सचा गठ्ठा हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा त्याची आठवण झाली, आणि मी तो गठ्ठा वाटला नाही. वर्गात वाटायला नकार दिला हे खरं आहे. कार्यालयातून तशी तक्रार आपल्यापर्यंत पोचली असेलच.

ती कादंबरी 1933 साली जर्मनीत जाळली गेली, आणि जाळताना कारण काय दिलं, तर महायुद्धातल्या सैनिकांशी तिने द्रोह केला. आपली तुलना त्या लोकांशी करण्याचा माझा अजिबात इरादा नाही. आपण कपाटाला कुलूप लावलंय, तेही पंचवीस रुपयांचं. पण कारण तेच दिलं जातंय, एवढं लक्षात आणून देते.

तिसरं कारण एका सदस्याने हळू आवाजात सांगितलं : “दिवस वेगळे आहेत. हिंदू-मुसलमान विषय नको.” काळजी खोटी नाही. पण अठरा पानं वाचून मुलाच्या डोक्यात नेमकं तेच बसेल, दोन धर्म समोरासमोर उभे. पूर्ण पुस्तक वाचणाऱ्याला इब्राहीमखान गारदी टाळता येत नाही. भाऊंचा तोफखाना त्याच्या हाती, पलटणी त्याच्या, सकाळचा पहिला जोर त्याचा, आणि पकडला गेल्यावर अब्दालीच्या छावणीत त्याला मारलं गेलं. समोर, अब्दालीला मिळालेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या बाजूने अनूपगिरी गोसाव्याचे नागे लढत होते. ज्याच्या फारसी हकिकतीवर आपली अर्धी माहिती उभी आहे तो काशीराज पंडित शुजाच्याच चाकरीत. आणि पायाला जखम झालेल्या महादजी शिंद्यांना ज्याने वाचवलं तो राणेखान, पाणी वाहणारा भिस्ती. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानला. हे लोक उताऱ्यांत आले नाहीत, कारण ते आरोळी ठोकत नाहीत. दिवस वेगळे असतील तर हीच पानं आधी वाचायला हवीत.

आता चौथं. हे कोणीच मला तोंडावर सांगितलं नाही, पण सगळं त्याच्यासाठीच चाललंय हे मला पक्कं माहीत आहे. मल्हारराव होळकर.

कादंबरीतले मल्हारराव वाचताना इंदूरच्या माणसाला खुपतं. मलाही खुपतं. राजवाड्यावरून जाताना, मल्हारगंजात भाजी घेताना ज्याचं नाव आपण रोज घेतो, तो माणूस 14 जानेवारीच्या दुपारी आपली फौज घेऊन मैदान सोडतो. त्याच्याआधी 1757 मध्ये दिल्लीत हाती लागलेल्या नजीबखान रोहिल्याला त्यानेच रदबदली करून सोडवलेलं, आणि तोच नजीब पानिपतावर अब्दालीचा उजवा हात. ही कादंबरी भाऊंची बाजू घेते, उघड घेते. भाऊंवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला पराभवाचा ठपका पुसायला ती लिहिली आहे, आणि एकाचा ठपका पुसायला गेलं की तो दुसऱ्याच्या अंगरख्याला लागतोच. कुठे कुठे तिचा आवाज नको तितका चढतो असंही माझं मत आहे, आणि ते मी वर्गात सांगते.

पण म्हणून ती काढून टाकायची? आपल्या मल्हाररावांची इतकी कमी किंमत आपण का करतो? बारा-चौदा पानांनी ज्याला धक्का लागेल असा तो माणूस नव्हता.

गेल्या वर्षी आम्ही या भागावर वर्गात पंचायत बसवली. फिर्यादी, बचाव, पंच. बचावाची तयारी मुलांनी स्वतः केली. एकीने काढलं की तोफखान्याचा गोल बांधून लढणं मल्हाररावांना पहिल्यापासून मान्य नव्हतं. बायका-बुणगे मागे ठेवावेत आणि गनिमी काव्याने लढावं, हे त्यांचं म्हणणं. ते ऐकलं गेलं नाही. दुसऱ्याने काढलं की आपल्या पत्नी पार्वतीबाईंना सांभाळून बाहेर काढा असं भाऊंनीच त्यांना सांगून ठेवलं होतं, अशीही एक बाजू सांगितली जाते. तिसरा म्हणाला, विश्वासराव पडले, भाऊ दिसेनासे झाले, मग कोणासाठी थांबायचं? फिर्यादीकडून सुदामा नगरची एक नववीतली पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, “जानकोजी शिंदे थांबले ना! इब्राहीमखान थांबला ना!” त्यावर बचावाने शेवटचा पत्ता टाकला : त्याच वर्षाच्या अखेरीस मांगरोळला जयपूरच्या माधोसिंगाला हरवलं कोणी? सत्तरीकडे झुकलेला हाच म्हातारा. तो पानिपतावर राहिला असता तर माळवा कोणाच्या हातात गेला असता, आणि अहिल्याबाई कुठे असत्या?

पंचांचा निकाल बरोबरीत सुटला. मी माझं मत दिलं नाही. पण घरी जाताना मुलं जिन्यावर भांडत होती, आणि ती मल्हाररावांवर भांडत होती. सांगा, या गावातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या किती मुलांनी मल्हाररावांचा पुतळ्यापलीकडे विचार केला असेल?

त्या पंचायतीनंतर मुलांना मी मल्हाररावांच्या 1765 च्या पत्राविषयी सांगितलं. तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जा, दारूगोळ्याची व्यवस्था लाव, असं सुनेला सांगणारं. पानिपत पाहिलेला माणूस चार वर्षांनी सुनेला तोफा आणि रसद सोपवतो. हा मल्हारराव मला फोटोला हार घालून कधीच सापडला नव्हता. तो कादंबरीवर रागावून कागदपत्रांकडे गेल्यावर सापडला.

आणि म्हणूनच ती कादंबरी आहे, इतिहास नाही, हे शिकवायलाही ती कादंबरीच लागते. आम्ही तिच्या शेजारी शेजवलकरांच्या ‘पानिपत 1761’मधली पानं ठेवतो, रियासतकार सरदेसायांची ठेवतो. (सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत होते, आणि दमाजी गायकवाडही पानिपतावरून परतलेले, या एका मैदानाशी इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा या आपल्या तिन्ही मराठी संस्थानांची नाळ आहे हे मुलांना फार आवडतं.) एकच प्रसंग दोन ठिकाणी वाचायचा. कादंबरीकाराने संवाद कुठे घातला, इतिहासकार कुठे ‘असे दिसते’ म्हणून थांबला, ते पेन्सिलने खुणावायचं. मोबाईलवर रोज ऐतिहासिक म्हणून जे काही येऊन पडतं ते वाचताना हीच पेन्सिल त्यांच्या उपयोगी पडते. गेल्या दिवाळीत एका मुलाने घरच्या ग्रुपवर आलेल्या पानिपताच्या मजकुराला ‘हे कोणत्या बखरीत आहे?’ असं विचारलं आणि काकांशी वाद ओढवून घेतला. काका आपल्याच कार्यकारिणीत आहेत. त्याचा या निर्णयाशी संबंध नसावा असं मी धरून चालते.

माझा यात स्वार्थ काय, असा प्रश्न एका बैठकीत निघाल्याचं कळलं. तर आहे. सासरच्या वंशावळीत एका नावापुढे बारीक अक्षरात ‘पानिपतावर’ एवढंच लिहिलंय. पडला, पकडला गेला, की बुणग्यांबरोबर वाट फुटेल तिकडे गेला, काही नाही. घराणं होळकरांच्या चाकरीतलं. म्हणजे मल्हारराव निघाले तेव्हा त्यांच्या मागून सगळे निघाले नव्हते, किंवा निघाले ते सगळे पोचले नाहीत. या माणसाला वीररसाच्या उताऱ्यात जागा नाही. तो शूर होता की नव्हता हेच कोणाला माहीत नाही. कदाचित दोन दिवस पोटात काही नसल्यामुळे त्याला धावताही आलं नसेल. त्याच्यासारख्या हजारोंची गोष्ट मराठीत जिथे दिसते ती ही कादंबरी, म्हणून मी तिला धरून आहे. सूरजमल जाटाने निभावलेले, अंगावर लक्तरं राहिलेले लोक जेव्हा दक्षिणेच्या वाटेला लागतात, तेव्हा वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतंच, “मग ते घरी जाऊन काय सांगत असतील?” या प्रश्नासाठी मी पूर्ण वर्ष थांबायला तयार असते.

निराशेची भीती वाटत असेल तर पुढचंही वाचू द्या. पानिपतानंतर दहा वर्षांत, 1771 मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते, आणि त्यात लंगडत चालणारे महादजी होते. पण हे मी मुलांना सगळ्यात शेवटी सांगते. आधी सांगितलं तर ती पानिपत वाचत नाहीत, निकालाची वाट बघतात.

तर आता मागण्या.

फळ्यावरची यादी मागे घ्या आणि ‘पानिपत’ कुमार वर्गात पूर्वीप्रमाणे पूर्ण ठेवा. उतारे ठेवायचे असतील तर ठेवा, पण कादंबरीच्या जागी नकोत. आणि त्यांत पानिपतच्या उपासमारीचा एक भाग घाला. कुठला ते मी सांगते, किंवा मुलांना विचारा.

कपाटातली प्रत देवघेवीच्या टेबलावर परत आणा. प्रौढ सभासदांनाही ती ‘कार्यालयात बसून वाचा’ असं सांगितलं जातंय. संस्थेच्या नियमांत अशी सोय दुर्मीळ ग्रंथांसाठी आहे. 1988 सालापासून आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत आलेलं पुस्तक दुर्मीळ कधीपासून झालं?

इथून पुढे वाचन-यादीतून कुठलंही पुस्तक काढायचं असेल तर कारण लेखी द्या, खाली सही असू द्या, आणि काढण्यापूर्वी वर्ग घेणाऱ्याला बोलवा. सहमत होऊ असं नाही, पण ऐकून घेऊ.

मल्हाररावांबद्दल ज्यांना खरोखर वाईट वाटलंय त्यांच्यासाठी स्वतंत्र मागणी आहे : पुढची पंचायत आम्ही संस्थेच्या सभागृहात भरवू इच्छितो, आपण एका शनिवारची जागा द्या. बचावाच्या बाजूने कार्यकारिणीतल्या कोणीही उभं राहावं. मुलं तयारीत असतात, आपणही तयारी करून यावं.

आणि वक्तृत्व स्पर्धा. ती रद्द करा असं मी म्हणत नाही. पण विषयांत एक वाढवा, ‘पानिपतावर धान्य का संपलं’. पारितोषिक माझ्याकडून.

उत्तर लेखी मिळावं. तोवर वर्ग बंद राहणार नाही. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, रामबागेत माझ्या घरच्या गच्चीवर. आम्ही गोविंदपंत बुंदेल्यांच्या मृत्यूपर्यंत आलो आहोत. सदस्यांपैकी कोणाला यायचं असेल तर जरूर यावं, फक्त पान-दोन पानं मोठ्यांदा वाचावी लागतील.

आपली,
शनिवारच्या कुमार वाचनवर्गाची शिक्षिका
इंदूर

ता. क. माझ्या नावावरची प्रत त्वरित जमा करण्याबद्दल कार्यालयाचा निरोप मिळाला. मुदत संपलेली नाही, तेव्हा आत्ता करणार नाही. मुदत संपेल त्या दिवशी आणून देईन आणि त्याच टेबलावर पुन्हा माझ्या नावावर लावून घेईन. नियमात बसतं, पाहून ठेवलंय.